रात्री आकाशात दिवा फिरला तर

२०२४ साली पुणे जिल्ह्यातील कित्येक गावांवर रात्री ड्रोन फिरले. चोर आले म्हणून लोकांनी रात्री जागून काढल्या.

ड्रोन म्हणजे जमिनीवरून चालवायचे लहान विमान. आत माणूस नसतो. पिकावर औषध फवारायला, गावठाण मोजायलाही ते वापरतात.

रस्त्याला नियम, तसे आकाशालाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे ड्रोनची नोंद करून मोटारीसारखा नंबर घ्यावा लागतो. परवानगीवाचून तो १२० मीटरांच्या वर नेता येत नाही. विमानतळाजवळ तेवढेही चालत नाही. माणसे बसलेले विमान आले, की ड्रोनने बाजूला व्हायचे.

अनोळखी ड्रोन दिसला, तर वाटसरूला चोर समजून मारू नका. वेळ आणि दिशा लिहून ठेवा. आता लिहिता येते ना? मग पोलीस पाटलाला सांगा, नाहीतर ११२ नंबर फिरवा.