हजार आणि एक चर्च

तुर्कस्तानातून परतल्यावर मला अनेकांनी एकच प्रश्न विचारला, 'तिथं खरंच हजार चर्च आहेत का हो?' आपण 'असे छप्पन्न पाहिलेत' म्हणतो, तेव्हा कुणी मोजत बसत नाही. तुर्की भाषेतल्या 'बिनबिर', म्हणजे हजार आणि एक, या शब्दाचंही तसंच. बिनबिरकिलिसे या ठिकाणी प्रत्यक्षात पन्नासएक चर्चचे अवशेष आहेत.

अनातोलियात, करामान शहराच्या उत्तरेला कारादाग नावाचा विझलेला ज्वालामुखी आहे. त्याच्या परिसरात बायझंटाइन सम्राटांच्या काळात ही चर्च उभी राहिली. मधे लांबट दालन, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, पूर्वेला अर्धगोल गाभारा. छपराला लाकूड नाही. अर्धी नळी पालथी घालावी तसं दगडी छत. 1071 मध्ये मांझिकर्टच्या लढाईत सेल्जुक तुर्कांनी बायझंटाइन सैन्याचा पराभव केला. पुढे या भागातली बायझंटाइन सत्ता गेली आणि काळाच्या ओघात चर्च ओस पडली.

1907 मध्ये गर्ट्रूड बेल आणि विल्यम रॅमसे या ब्रिटिश संशोधकांनी तिथं तळ ठोकला. भिंती मोजल्या, नकाशे काढले, छायाचित्रं घेतली. 1909 मध्ये त्यांचं पुस्तक निघालं.

त्यातल्या एका छायाचित्राची प्रत घेऊन मी मादेनशेहिर गावात उभा होतो. चित्रात भिंत होती, समोर दगडांचा ढीग. शेजारच्या घराच्या भिंतीत मात्र क्रूस कोरलेला एक दगड दिसला. मला रागच आला. घरमालक आजोबा दुभाष्यामार्फत शांतपणे म्हणाले, 'माझ्या आजोबांनी घर बांधलं, तेव्हा हे दगड पडलेलेच होते.'

माझा राग ओसरला. घडवलेला दगड आयता मिळत असताना गरीब शेतकरी नवा कशाला फोडेल? त्या घरानं दगड सांभाळला, हेही खरंच. पण तो कुठल्या चर्चचा, कुठल्या कमानीचा, हे घराची भिंत सांगू शकत नाही. ते सांगायला जुनी मोजमापं आणि छायाचित्रंच लागतात.

बेलबाईंचा तो संग्रह इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात आहे. 2017 मध्ये युनेस्कोनं त्याची नोंद जागतिक स्मृतिठेव्यात केली. प्रत्येक पडकी भिंत वाचवणं कुणालाच जमणार नाही. पण ती पडण्याआधी तिची नोंद करून ठेवणं, एवढं तरी आपल्या हाती असतं.