इसवण काय खातो? एकदा पोट बघा



इसवणाचा भाव आपल्याकडे पोराटोरांनाही पाठ असतो. पण तो खातो काय, असे विचारले की जुने रांपणकार सोडून बाकी सगळे गप्प. परवा कार्यालयात हाच विषय निघाला, म्हणून लिहितो.

इसवण, म्हणजे मालवण-मुंबईकडची सुरमई, पहिल्या घासापासून मासेखाऊ. अंड्यातून आलेले इवलेसे पिल्लूसुद्धा दुसऱ्या माशांची पिल्ले गिळते. मोठा झाला की तारले, बांगडे, वेळयो, बाळे, माणक्या, मिळाली तर सुंगटे. अशा खाण्यावर 70 किलोपर्यंत वाढलेल्या इसवणाची नोंद आहे. आपल्या जेटीवर तेवढा कोणी आणला तर आधी फोटो पाठवा!

त्याला हवेची पिशवी नसते. थांबला की बुडणार, आणि कल्ल्यांतून पाणी जायलाही पोहत राहायलाच हवे. रात्रंदिवस इंजिन चालू म्हटल्यावर डिझेल लागणारच. शिकार तो डोळ्यांनी करतो, पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त. चकचकीत पत्र्याचा तुकडा ओढला की तारला समजून झडप घालतो, तो यामुळेच. दात चपटे, त्रिकोणी, कोयत्यासारखे. नायलॉनची दोरी सहज कापतो, म्हणून गळाच्या वर तार लावावी लागते. बांगडा अख्खा गिळायची त्याला गरज नाही, मधोमध दोन तुकडे करतो. गळ वर घेतला आणि नुसते बांगड्याचे डोके लटकताना दिसले, हा अनुभव कितीजणांना आहे?

काहीजण म्हणतात, पोट तर रिकामेच निघते. बरोबर आहे. पकडला गेला की धडपडीत तो खाल्लेले ओकून टाकतो. जाळ्यात रात्रभर राहिला तर उरलेलेही जिरते.

आता थोडे कडू. मागच्या हंगामात बोटभर बांगड्यांचे क्रेटच्या क्रेट फिशमीलला गेले. त्यात आपल्याही काही होड्यांचा माल होता, लपवून काय उपयोग? एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने 2017 मध्येच बंदी घातली, तरी रात्री समुद्रात उजेड दिसतोच. तारले-बांगडे लहानपणीच उचलले तर इसवण आपल्या किनाऱ्याला कशाला येईल? आणि त्याच्यामागे लांब जायचे तर डिझेलचा खर्च आपल्याच डोक्यावर.

आम्ही कार्यालयात एक वही ठेवली आहे. 31 जुलैला बंदी संपून होड्या बाहेर पडल्या की इसवण कापताना आतडी फेकण्याआधी पोट चिरून बघा. बाजारात कापायला बसणाऱ्या आपल्या बायांनाही सांगा, त्यांच्या हातून सगळ्यात जास्त पोटे जातात. काय निघाले, किती लांबीचे, कुठल्या बाजूला आणि किती वावावर मिळाला, एवढेच कळवा. रिकामे निघाले तर तेही लिहू.