लोखंडाचे चणे आणि दुधाचे दात

दुःसाध्य कर्माला ‘लोखंडाचे चणे चावणे’ म्हणण्याचा आपल्या भाषेतला प्रघात भिलाईसारख्या नगरात विशेष आठवावा, हे स्वाभाविकच आहे. कारण सोव्हिएत साहाय्याने उभ्या राहिलेल्या ज्या कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले, तेथील रुळांचे नमुने ताणून पाहिल्यावाचून पोलादाच्या बळाची खातरजमा होत नाही, आणि त्या परीक्षेचा आकडा रीतसर दफ्तरी दाखल होतो. मात्र त्याच नगरातील सेक्टरांत वाढणाऱ्या बालकाच्या जबड्यात बळ किती आणि त्याचे तोंड उघडते किती, याचा हिशेब घरी सहसा कोणी ठेवीत नाही.

जबड्याच्या बळाची मोजणी काही आजची नव्हे. इटलीतील बोरेल्ली या शास्त्रज्ञाने 1681 च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, दाढांवरून दोरी घेऊन तिला वजने टांगण्याच्या प्रयोगाचे वर्णन केले आहे. आता दोरीची जागा दाढांमध्ये ठेवावयाच्या, दाबाचे विद्युत्संकेतात रूपांतर करणाऱ्या लहानशा पट्टीने घेतली असून बळाचा आकडा न्यूटन या एककात मिळतो. पुढच्या दातांपेक्षा दाढांचा चावा प्रबळ का, हे समजण्यास घरातला अडकित्ता पुरेसा आहे: सुपारी बिजागरीच्या जितकी जवळ धरावी, तितकी ती अल्प श्रमात फुटते. जबड्याची बिजागरी कानापुढे आहे, आणि दाढा तिला दातांहून निकट आहेत.

सुमारे अडीच-तीन वर्षांच्या वयात दुधाचे वीसही दात आले, म्हणजे बालकाचा चावा साधारण 200 न्यूटनच्या, अर्थात वीस किलोग्रॅम वजनाच्या भाराइतक्या बळाच्या आसपास जातो. सहाव्या वर्षी पहिली कायमची दाढ येते, बाराव्याच्या सुमारास दुसरी. त्या मुदतीत चेहऱ्याची हाडे लांबतात, गालातील चर्वणस्नायू पुष्ट होतात आणि निरोगी प्रौढावस्थेत दाढांवरील बळ 500 ते 700 न्यूटनपर्यंत पोहोचू शकते. मध्यंतरी पुढचे दात पडत असता तीजा-पोळ्याच्या सणांतला ठेठरी हा कडक तळलेला पदार्थ मुलाने बाजूला सारला, तर तो हट्ट नसून निसर्गाचे तात्पुरते फर्मान असते. परंतु दाढ किडल्यामुळे जो चावणे टाळतो, त्याची कुचराई तात्पुरती मानून चालत नाही.

तोंड उघडण्याची कथा याहून चमत्कारिक आहे. जबड्याचा सांधा प्रथम केवळ फिरतो आणि सुमारे 20 ते 25 मिलिमीटर उघडल्यावर पुढे सरकूही लागतो; म्हणूनच सहा वर्षांच्या मुलाचे तोंड चाळीस मिलिमीटरच्या आसपास आणि प्रौढाचे चाळीस ते साठ मिलिमीटर उघडू शकते. हा व्यवहार ज्या विकाराने हळूहळू आटतो, त्याचे वर्णन 1952 मध्ये श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतील पाच भारतीय स्त्रियांच्या बाबतीत आणि 1953 मध्ये मुंबईच्या डॉ. जोशी यांनी केले. सुपारीतील अरेकोलीन नामक द्रव्याने तोंडाच्या अंतस्त्वचेखाली तंतू साचतात, गाल ताठर होतात, आणि दातखीळ एकाएकी न बसता वर्षानुवर्षे बसत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये सुपारीला कर्करोगजनक ठरविले, आणि महाराष्ट्राने 2012 मध्ये गुटख्यावर बंदी घातली. तथापि गोड सुगंधी सुपारीची पुडी मुलाच्या खिशात शिरू नये, याचा बंदोबस्त कोणत्याही हुकुमाने पुरा होत नाही, तो घरीच करावा लागतो.

मुलाचे तोंड पुरेसे उघडते की नाही, या परीक्षेला यंत्र लागत नाही. मुलाला आ करावयास सांगून त्याच्याच हाताची मधली तीन बोटे, एकावर एक अशी, वरच्या व खालच्या पुढच्या दातांमध्ये उभी ठेवावयास लावावी. ती सहज मावली तर चिंता नको. ती मावत नसतील, तिखट लागताच तोंडात आग होत असेल, किंवा मूल एकाच बाजूने चावत असेल, तर त्याला विलंब न लावता दंतवैद्याकडे न्यावे. कारण किडलेली दाढ वेळीच दुरुस्त होते, पण सुपारीने ताठरलेला गाल पूर्ववत् करणे हे खरोखरीच लोखंडाचे चणे चावणे आहे.