मूल सोफ्यावरून उड्या मारतंय? तेच त्याचं पहिलं जिम्नॅस्टिक्स! घरी काय खेळाल, काय टाळाल?

तीन वर्षांचं मूल दोन्ही पाय सरळ रेषेत पसरून बसलंय, मागून मोठं माणूस त्याचे खांदे खाली दाबतंय आणि सोबत जोशातलं गाणं वाजतंय. असं एखादं रील तुमच्याही फीडमध्ये येऊन गेलं असेल. ते पाहून अनेक पालकांच्या मनात दोन प्रश्न येतात. आपल्या मुलालाही आतापासूनच क्लास लावायला हवा का? आणि आपण मागे तर पडत नाही ना?

गंमत म्हणजे हे रील पाहताना त्यांचं स्वतःचं मूल बऱ्याचदा शेजारच्याच सोफ्यावर चढून खाली उडी मारत असतं. आणि घरातून आवाज येतो, 'अरे पडशील, खाली उतर!'

दीड ते सहा वर्षांच्या मुलांचं जिम्नॅस्टिक्स हे त्या रीलपेक्षा या सोफ्यावरच्या उडीच्या जास्त जवळचं असतं. त्यासाठी महागडी साधनं लागत नाहीत. एक गादी, खडूची एक रेघ आणि सोबत बसणारं एक मोठं माणूस एवढं पुरतं. मात्र काही गोष्टी अजिबात करायच्या नसतात आणि नेमक्या त्याच घरोघरी हौसेनं केल्या जातात.

लहान मुलांचं जिम्नॅस्टिक्स म्हणजे नेमकं काय?

ऑलिंपिकमध्ये दिसणारं जिम्नॅस्टिक्स कितीही अवघड वाटलं, तरी त्याच्या मुळाशी सहा साध्या हालचाली असतात. एका जागी तोल सांभाळून थांबणं, वेगवेगळ्या प्रकारे चालणं किंवा सरकणं, उडी मारणं, उडी मारल्यावर नीट खाली येणं, लटकणं-झुलणं आणि अंगाभोवती फिरणं किंवा लोळणं.

यातलं काहीच मुलांना नव्यानं शिकवावं लागत नाही. फुटपाथच्या कडेवरून चालणारं, खिडकीच्या गजाला लोंबकळणारं, पाहुणे आले की गादीवर लोळणारं मूल हेच करत असतं. या हालचाली सुरक्षित जागी, खेळाच्या रूपात आणि रोज थोड्या-थोड्या करून घेणं म्हणजेच या वयाचं जिम्नॅस्टिक्स.

पण याची गरज काय?

जागतिक आरोग्य संघटनेनं एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. त्यानुसार १ ते ४ वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं, म्हणजे तीन तास हालचाल व्हायला हवी. ३ आणि ४ वर्षांच्या मुलांसाठी त्यातला किमान एक तास दम लागेल अशा खेळाचा असावा. हे तीन तास सलग नसले तरी चालतात.

याच सूचनांमध्ये स्क्रीनबद्दलही सांगितलं आहे. एक वर्षाच्या मुलासाठी स्क्रीन नकोच आणि २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास. तोही जितका कमी तितकं चांगलं. मुलाला बाबागाडीत किंवा खुर्चीत एका वेळी एक तासापेक्षा जास्त अडकवून ठेवू नये, असंही त्यात म्हटलं आहे.

आता वन किंवा टू बीएचके फ्लॅट, खाली गाड्यांनी भरलेलं पार्किंग आणि पावसाळ्याचे चार महिने डोळ्यांसमोर आणा. तीन तास हालचाल कुठून होणार? इथे हे खेळ कामाला येतात, कारण सहा बाय चार फुटांच्या गादीवरही ते खेळता येतात.

फायदा फक्त दमण्याचा नाही. लोळताना आणि फिरताना कानाच्या आत असलेली तोल सांभाळणारी यंत्रणा कामाला लागते. हातांवर वजन पेलताना खांदे आणि मनगटं भक्कम होतात आणि पुढे पेन्सिल धरायला हेच खांदे-मनगटं उपयोगी पडतात. शिवाय नीट पडायचं कसं, हे मूल पडता-पडताच शिकतं.

कोणत्या वयात काय जमतं?

तुलना करण्याआधी एक आकडा लक्षात ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांतल्या निरोगी बाळांचा अभ्यास केला होता. त्यात आधाराशिवाय चालण्याचं वय साधारण ८ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेलं दिसलं. म्हणजे नुसत्या चालण्यातच नऊ महिन्यांचा फरक आणि तरीही सगळी मुलं व्यवस्थित.

ढोबळमानाने बोलायचं तर अडीच वर्षांच्या आसपास मूल दोन्ही पाय एकदम उचलून उडी मारू लागतं. एका पायावर उड्या मारणं, म्हणजे आपली लंगडी, चार ते पाच वर्षांच्या दरम्यान जमू लागते. त्यामुळे तीन वर्षांच्या मुलाला लंगडी येत नसेल, तर त्यात काळजीचं काही नाही. मात्र मूल दीड वर्षाचं होऊनही चालत नसेल किंवा आधी जमणारी हालचाल करेनासं झालं असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

दीड ते तीन वर्षं : हे खेळ खेळून बघा

लोळणफुगा : गादीवर मुलाला आडवं झोपवा, हात डोक्याच्या वर. आता ओंडक्यासारखं गडगडत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं. पलीकडे आवडतं खेळणं ठेवलं की वेगळं सांगावं लागत नाही.

उशांचा डोंगर : घरातल्या सगळ्या उशा, लोड आणि तक्के जमिनीवर रचा. त्यावरून रांगत चढायचं, पलीकडे उतरायचं. उतरताना पाय आधी खाली सोडायचे, हे इथेच शिकवा. पलंगावरून उतरताना हीच सवय उपयोगी पडते.

बोगदा : दोन खुर्च्यांवर चादर टाकली की बोगदा तयार. त्यातून अस्वलासारखं हात-पाय टेकवून जायचं, गुडघे मात्र जमिनीला लावायचे नाहीत.

रेघेवरची गाडी : फरशीवर खडूनं किंवा रंगीत चिकटपट्टीनं रेघ ओढा आणि मुलाला त्यावरून चालायला सांगा. सुरुवातीला सरळ, मग नागमोडी. हाताला धरून ओढू नका, फक्त एक बोट पुढे करा. हवं असेल तर मूल स्वतः धरेल.

तीन ते सहा वर्षं : थोडं अवघड

प्राण्यांची शाळा : बेडूकउड्या बहुतेकांना माहीत असतात. त्यात खेकडा घाला. पोट वर, हात-पाय खाली आणि तसंच मागे-मागे सरकायचं. मग हात जमिनीवर टेकवून मागचे पाय उडवणारं गाढव. हातांवर वजन घेण्याची ही पहिली पायरी.

शिवाजी म्हणतो : जुनाच खेळ, नव्या हुकमांसह. 'शिवाजी म्हणतो, एका पायावर उभे राहा.' 'शिवाजी म्हणतो, टाचा उचला.' 'खाली बसा!' शेवटच्या हुकमाला जो बसला तो बाद. यात तोल आणि लक्ष दोन्हीचा सराव होतो.

हातगाडी : मूल हातांवर, पाय तुमच्या हातात. पाय घोट्यांपाशी न धरता मांड्यांपाशी धरा, म्हणजे कंबर खाली लोंबत नाही. चार-पाच पावलं पुरेत.

पाटावरून उडी : लाकडी पाट किंवा सर्वात खालची पायरी आणि पुढे गादी. इथे उडीपेक्षा खाली येणं महत्त्वाचं. दोन्ही पाय एकदम टेकवायचे, गुडघे वाकवायचे, हात पुढे. 'आवाज न करता उतर बघू, मांजरासारखं' असं सांगितलं की गुडघे आपोआप वाकतात. पाट घसरत नाही ना, हे आधी तपासा.

माकडाची फांदी : बागेतल्या आडव्या दांडीला लटकायचं. मुलानं स्वतःच्या मुठीनं दांडी धरायची, तुम्ही कंबरेला आधार द्यायचा. पाच-दहा सेकंदही भरपूर झाले. मलखांबाच्या महाराष्ट्रात या खेळाचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

एकेक खेळ दोन-तीन मिनिटांचा ठेवा. मूल कंटाळलं की थांबा. जेवल्यावर लगेच मात्र नको.

कोलांटीउडी कधी शिकवायची?

पालकांना सर्वात जास्त घाई असते ती याची. पण शरीराच्या मानानं लहान मुलांचं डोकं मोठं आणि जड असतं, मानेचे स्नायू अजून तयार होत असतात. त्यामुळे डोकं जमिनीवर टेकवून मागून ढकलणं धोक्याचं आहे.

आधी तयारी बघा. मूल हनुवटी छातीला लावून ठेवू शकतं का? हनुवटी आणि छातीमध्ये रुमाल धरायला सांगा. तो पडला नाही, तर एक पायरी झाली. हातांवर थोडं वजन पेलतं का? पाठीवर झोपून, गुडघे पोटाशी घेऊन पुढे-मागे डोलतं का? हे तिन्ही जमलं की मग गादीचा उतार करून, डोक्याऐवजी पाठीचा वरचा भाग टेकेल अशा बेतानं कोलांटीउडी शिकवता येते. शक्यतो हे जाणकार प्रशिक्षकासमोर करा.

डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या मानेच्या वरच्या मणक्यांमध्ये अस्थिरता असू शकते. अशा मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोलांटीउडी किंवा ट्रॅम्पोलिनवरच्या उड्या मारू देऊ नका.

या चार गोष्टी टाळा

१. हात धरून झोका देणं. आई एका बाजूला, बाबा दुसऱ्या बाजूला आणि मध्ये दोन्ही हातांना लटकलेलं मूल. हे दृश्य गोड दिसतं, पण पाच वर्षांखालील मुलांच्या कोपराचा सांधा अशा ओढीनं जागेवरून सरकू शकतो. मूल एकाएकी रडतं आणि तो हात वापरणं बंद करतं. हात किंचित वाकवून अंगाशी धरून ठेवतं, सूज मात्र फारशी दिसत नाही. अशा वेळी घरी ओढाताण किंवा चोळाचोळी करू नका. डॉक्टर बहुधा काही मिनिटांत सांधा जागेवर बसवतात. उचलायचं असेल तर काखेत हात घालून उचला.

२. दाबून ताणणं. रीलमधले दाबलेले खांदे आठवा. मूल रडत असताना पाय फाकवून दाबल्यानं स्नायू आणि सांध्यांना इजा होऊ शकते. मूल स्वतःहून जिथपर्यंत जातं, तिथपर्यंतच ताण पुरे.

३. एकाच ट्रॅम्पोलिनवर सगळे. ट्रॅम्पोलिनवरच्या बहुतेक दुखापती एका वेळी अनेक जण उड्या मारत असताना होतात आणि त्यात सर्वात लहान, हलक्या मुलाला धोका जास्त असतो. 'अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स' ही बालरोगतज्ज्ञांची संघटना तर घरगुती ट्रॅम्पोलिन टाळण्याचाच सल्ला देते.

४. गळ्यात काही ठेवून खेळणं. काळा दोरा, ताईत, सोन्याची साखळी दांडीत किंवा खिडकीच्या कडीत अडकली तर गळ्याला फास बसू शकतो. खेळायच्या आधी ते काढून ठेवा. मोजेही काढा, फरशीवर ते घसरतात.

खेळताना डोक्यावर पडल्यानंतर मूल बेशुद्ध झालं, वारंवार उलट्या करू लागलं किंवा नेहमीपेक्षा जास्त सुस्त वाटलं, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा.

मग क्लास लावायचा की नाही?

लावायला हरकत नाही, पण घाई नको. रिओ ऑलिंपिकमध्ये २०१६ साली व्हॉल्ट प्रकारात चौथी आलेली आणि अवघ्या ०.१५० गुणांनी कांस्यपदक हुकलेली त्रिपुराची दीपा कर्माकर सहा वर्षांची असताना या खेळाकडे वळली. तिचे तळपाय सपाट होते, तरी ती इथवर पोहोचली. ऑलिंपिकमध्ये सात सुवर्णपदकं जिंकणाऱ्या सिमोन बाइल्सचीही सुरुवात सहाव्या वर्षीच झाली, तीही पाळणाघराच्या सहलीत. वरिष्ठ आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी महिला जिम्नॅस्टला त्या वर्षी १६ वर्षं पूर्ण होत असावी लागतात. त्यामुळे तीन वर्षांच्या मुलाला 'उशीर' झाला, असं कुणी सांगत असेल तर त्यात तथ्य नाही.

क्लास बघायला गेलात तर आधी पूर्ण एक तास बसून निरीक्षण करा. एका प्रशिक्षकामागे मुलं किती आहेत? मॅट जाड आहे का, दोन मॅटमध्ये फटी आहेत का? मूल 'नको' म्हणालं तर काय करतात? पालकांना आत बसू देतात का? चांगल्या वर्गात या वयाची मुलं रांगेत उभी राहण्यापेक्षा हालचाल जास्त करताना आणि हसताना दिसतील. रडणाऱ्या मुलाला 'असंच लवचीक होतं' म्हणून दाबणारा वर्ग दिसला, तर तिथून सरळ बाहेर पडा.

आणि आज संध्याकाळी मूल पुन्हा सोफ्यावर चढलं तर? 'पडशील' म्हणण्याआधी टीपॉय बाजूला घ्या, खाली गादी सरकवा आणि सांगा, 'मांजरासारखं उतर बघू.' मोबाइल मात्र बाजूला ठेवा. या उडीचं रील नसलं तरी चालेल, तिच्यावर तुमचं लक्ष हवं.