सैतान : दरबारातला फिर्यादी

दंगेखोर पोराला ‘सैतान कुठला!’ म्हणताना आपण फारसे रागावलेले नसतो. फारसीच्या वाटेने मराठीत आलेला हा शब्द मूळ अरबी ‘शैतान’. त्याचा हिब्रू भाऊबंद ‘सातान’. हिब्रूत मात्र हे मुळात कोणाचे नाव नव्हे. विरोधक, वाट अडविणारा, एवढाच त्याचा अर्थ. पलिष्टी सरदार दावीदाला लढाईत सोबत नेण्यास नाकारतात, ते ऐनवेळी हा आपला ‘सातान’ होईल म्हणून. बलामाची वाट अडविण्यास तर खुद्द परमेश्वराचा दूत ‘सातान’ होऊन उभा राहतो!

ईयोबाच्या ग्रंथात हा शब्द ‘हा-सातान’ असा उपपद लावून येतो. हिब्रूत विशेषनामाला उपपद लागत नाही. तेव्हा हे नाव नव्हे, हुद्दा आहे. देवाच्या दरबारात तो इतरांबरोबर हजर होतो, पृथ्वीवर फेरी मारून आल्याचे सांगतो, आणि ईयोबाची भक्ती भरल्या घरापुरतीच आहे अशी शंका काढतो. परवानगीवाचून मात्र त्याला ईयोबाच्या केसालाही धक्का लावता येत नाही. संस्थानी दरबाराच्या गोष्टी ऐकलेल्या आपल्या शहरच्या वाचकास हा इसम ओळखीचा वाटेल : सरकारच्याच चाकरीतला, पण सर्वांना नकोसा.

हुद्द्याचे नाव कसे झाले, याची खूण एकाच गोष्टीच्या दोन पाठांत सापडते. दावीदाने प्रजेची शिरगणती केली आणि ते पाप ठरले. शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथात ही बुद्धी त्याला कोपलेल्या परमेश्वरानेच दिली. पुढे लिहिलेल्या पहिल्या इतिहासग्रंथात तीच गोष्ट आहे, पण तेथे चिथावणारा सातान आहे, आणि उपपद गळले आहे. देव एकच, तर वाईट बुद्धी देणारा कोण? हा प्रश्न लेखकाला टोचला असावा. इ. स. पूर्व 539 मध्ये बाबिलोन इराणी सत्तेखाली गेले, आणि यहुद्यांचा इराणी धर्मातील अहिरमानाशी परिचय झाला. त्याची छाया येथे पडली, असे काही पंडित मानतात. सर्वांना ते मान्य नाही.

अलेक्झांड्रियाच्या यहुद्यांनी ग्रीक भाषांतर करताना सातानाला ‘दियाबोलोस’ म्हटले. ‘बालेइन’ म्हणजे फेकणे. त्यावरून आरोप भिरकावणारा, चुगलखोर. त्याचेच लॅटिन ‘दियाबोलुस’, पोर्तुगीज ‘दियाबो’ आणि इंग्रजी ‘डेव्हिल’. आपल्या ‘देव’ शब्दाशी त्याचा संबंध जोडण्याचा मोह पुष्कळांना होतो, तो व्यर्थ आहे. ‘देव’चा खरा सख्खा भाऊ अवेस्तातील ‘दएव’, आणि मौज अशी की तो तेथे दुष्ट शक्तीचा वाचक आहे.

लुसिफरावर तर अन्यायच झाला. यशयाच्या चौदाव्या अध्यायात बाबिलोनच्या गर्विष्ठ राजाला ‘आकाशातून पडलेला प्रभाततारा’ म्हणून हिणविले आहे. जेरोमने चौथ्या शतकाच्या अखेरीस लॅटिन भाषांतरात त्यासाठी ‘लुसिफर’, म्हणजे प्रकाश आणणारा, हा शब्द योजला. आपला शुक्रच तो! त्याच शतकात कालियारीच्या बिशपाचेही नाव लुसिफर होते, आणि त्याची कोणाला लाज नव्हती. राजाचा उपहास पतित देवदूताची कथा म्हणून वाचला गेला, आणि चांगले नाव कायमचे बुडाले.

कुराणात ‘शैतान’बरोबर ‘इब्लीस’ हे नाव अकरा वेळा येते. अरबी कोशकार ते ‘निराश होणे’ या धातूवरून साधतात. पाश्चात्य पंडित बहुधा दियाबोलोसाकडे बोट दाखवितात. मातीच्या आदमापुढे अग्नीपासून झालेला मी का वाकू, हा त्याचा सवाल. 922 साली बगदादेत देहदंड झालेल्या हल्लाजाने या नकारात निराळेच पाहिले : एका ईश्वरावाचून कोणापुढेही न वाकणारा प्रेमिक. सनातनी मुसलमानांस हे रुचले नाही. पण या सर्व वाङ्मयात इब्लीसाची बाजू इतक्या हिंमतीने क्वचितच मांडली गेली असेल.

दुसऱ्याचे दैवत सैतान ठरविण्याची चालही जुनी. ‘बाल-जबूब’ हा एक्रोन नगराचा देव; शुभवर्तमानांत तो भुतांचा अधिपती ‘बेलजबूल’ होऊन बसला. गोव्यात याचे उदाहरण आजही कानी पडते. हिंदूंचा ‘देवचार’ हा रात्री काठी घेऊन गावाची सीम फिरणारा राखणदार. त्याला रोट दिला जातो. त्याच गावच्या ख्रिस्ती घरात, त्याच कोकणीत, ‘देवचार’ म्हणजे सैतान.