मंदीतील बेकारीचे आकडे आणि वऱ्हाडचा कास्तकार

व्यापारात मंदी आली म्हणजे वर्तमानपत्रांतून देशोदेशींच्या बेकारीचे आकडे छापून येऊ लागतात. अमुक देशात शेकडा पंचवीस लोक बेकार, तमुक देशात शेकडा पाचच, असे वाचले म्हणजे दुसरा देश पहिल्याच्या पाचपट सुखी असावा असे वाचणारास सहज वाटते. आणि आपल्या देशाचा आकडा लहान दिसला म्हणजे समाधानही होते. हे समाधान कितपत खरे, याचा विचार अमरावती-अकोल्याकडील कास्तकाराने अवश्य केला पाहिजे. कारण सरकारी मदत, दुष्काळी कामे, कर्जाची सवलत या सर्व गोष्टी अखेर आकड्यांवरून ठरतात, आणि ज्याची गणती आकड्यात होत नाही त्याची आठवण मदतीच्या वेळीही होत नाही.

प्रस्तुत लेखकाचा जन्म महसुली दप्तरात गेला. त्यामुळे आकडा कसा तयार होतो हे त्यास थोडेबहुत ठाऊक आहे. पिकाच्या आणेवारीचेच, म्हणजे हल्लीच्या पैसेवारीचेच पहा. सोळा आणे पीक कशास म्हणावयाचे हे आधी ठरते, आणि मग उभ्या पिकास दहा आणे म्हणावयाचे की सात आणे, हे त्यावरून ठरते. पैसेवारी पन्नासाच्या आत आली तर गाव टंचाईच्या यादीत जाते, वर राहिली तर राहून जाते. पऱ्हाटीवरील बोंडे दोन्ही हिशोबांत तितकीच असतात; फरक पडतो तो मापाचा. बेकारीचे शेकडा प्रमाण ही देखील माणसांच्या कामाची आणेवारीच होय, आणि तिचे माप प्रत्येक देशात वेगळे होते व काही अंशी आजही आहे.

१९२९ नंतरची जागतिक मंदी

१९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि पुढील तीन-चार वर्षे सर्व जगात व्यापार बसला. त्या मंदीचे जे आकडे पुस्तकांत दिलेले असतात ते एकाशेजारी एक ठेवून पाहू.

अमेरिकेत १९३३ साली शेकडा सुमारे पंचवीस, म्हणजे सव्वा कोटीहून अधिक लोक बेकार होते असे सांगतात. परंतु घरोघर विचारून दरमहा मोजणी करण्याची पद्धत अमेरिकेत १९४० साली सुरू झाली. १९३३ चा आकडा मागाहून हिशोब करून काढलेला आहे. त्या हिशोबात सरकारने उघडलेल्या मदतकार्यांवर राबणारे लोकही बेकारच धरले होते. पुढे १९७६ साली मायकेल डार्बी या अर्थशास्त्रज्ञाने त्यांस कामकरी धरून पुन्हा हिशोब केला, तेव्हा १९३६ सालचा आकडा शेकडा सतरावरून दहावर आला. रस्त्यावर खडी फोडणारा मनुष्य तोच; त्यास एका हिशोबाने बेकार म्हटले, दुसऱ्याने कामकरी.

इंग्लंडात १९११ पासून बेकारीचा विमा होता आणि १९२० साली तो पुष्कळ धंद्यांस लागू झाला. १९३२ साली विमा उतरलेल्या कामगारांत शेकडा सुमारे बावीस बेकार होते. शेतमजुरांना तो विमा १९३६ पर्यंत मिळाला नाही. म्हणजे ऐन मंदीत जो इंग्रज शेतमजूर कामावाचून बसला होता तो या आकड्यात येतच नव्हता. जर्मनीत १९३२ च्या आरंभी सरकारदरबारी नोंदलेले बेकार साठ लाखांवर गेले. कामगारसंघांच्या सभासदांपुरते पाहिले तर प्रमाण शेकडा चाळीसच्याही पुढे होते.

उलट फ्रान्सचा आकडा फार लहान. तेथे सरकारी मदत घेणारे बेकार १९३५ साली जास्तीत जास्त पाच लाखांच्या आसपास पोचले. याचे एक कारण असे, की पोलंड वगैरे देशांतून आलेल्या पुष्कळ मजुरांस परत धाडण्यात आले. आणि शहरांत काम सुटलेले कित्येक फ्रेंच लोक आपापल्या गावच्या शेतीवर गेले. रशियाने तर १९३० साली आपल्या देशात बेकारी उरलीच नाही असे जाहीर करून बेकारांचा भत्ताच बंद केला. भत्ता नाही म्हटल्यावर नाव नोंदवण्यास कोण येणार?

आपल्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद उदाहरण जपानचे आहे. १९३२ साली तेथील सरकारी आकडा शेकडा सातच्या आसपासच होता, म्हणजे अमेरिकेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. पण अमेरिकेने रेशीम घेणे कमी केल्याबरोबर जपानी खेड्यांतील कोसल्यांचा भाव कोसळला. गिरण्यांतून कमी केलेल्या मुली व मजूर बापाच्या घरी परत आले आणि त्याच दोन बिघे जमिनीवर अधिक तोंडे बसली. १९३४ साली त्या देशाच्या ईशान्य भागात भाताचे पीकही बुडाले, तेव्हा कर्जापायी मुली विकण्यापर्यंत पाळी गेली. बेकारीच्या तक्त्यात यातले काहीच दिसत नाही. तक्त्यात जपान सुखी आहे.

त्याच काळचा वऱ्हाड

आता आपल्या प्रांताकडे वळू. हिंदुस्थानचा त्या मंदीतील बेकारीचा विश्वसनीय आकडाच नाही. १९३१ च्या खानेसुमारीत इंग्रजी शिकलेल्या बेकारांची वेगळी नोंद करण्याचा प्रयत्न झाला, पण तोही नीट तडीस गेला नाही. शेतकरी तर त्या रकान्यात येणारच नव्हता, कारण ज्याच्या नावे जमीन आहे तो शेतकरी, व शेतकरी म्हणजे धंदा असलेला, असा सरळ हिशोब होता. १९२८ साली शेतकी रॉयल कमिशनने लिहून ठेवले होते की बहुतेक शेतकऱ्यांस वर्षातून दोन ते चार महिने काहीच काम नसते. परंतु यास कोणी बेकारी म्हटले नाही.

वऱ्हाडात रयतवारी पद्धत. शेत कास्तकाराच्या नावे, सारा रोख भरावयाचा, आणि रोख पैसा येणार तो कापसाचा. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवीच्या काळात या कापसाला सोन्याचा भाव आला होता, आणि युद्ध संपताच तो उतरला होता. तो धडा जुना होता. १९२९ नंतरच्या मंदीत पुन्हा तेच झाले. दोनतीन वर्षांत कापसाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला. सारा मात्र रुपयांत ठरलेला, सावकाराचे व्याजही रुपयांत ठरलेले. पूर्वी जे देणे एका खंडीत फिटे त्यास आता दोन खंड्या लागू लागल्या. शेतातले काम तसूभरही कमी झाले नाही. वखरणी, पेरणी, डवरणी, निंदण, वेचणी ही सर्व झाली. कास्तकार पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत राबत होता आणि तरीही बुडत होता. युरोपातल्या कामगाराची मंदीत मजुरी जाते, म्हणून तो बेकार दिसतो. आपल्याकडे काम तसेच राहते आणि मोबदला जातो, म्हणून आपण कोठेच दिसत नाही.

मग ते संकट दिसले कशात? एक तर सोन्यात. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने सुवर्णचलन सोडल्यावर सोन्याचा भाव चढला आणि देशभर खेड्यापाड्यांतील बायकांच्या अंगावरचे डाग मोडीत निघाले. १९३१-३२ या एकाच सालात पन्नास कोटी रुपयांहून अधिक किमतीचे सोने देशाबाहेर गेले. दुसरे म्हणजे कर्जाच्या दाव्यांत. म्हणूनच मध्यप्रांतात १९३३ साली कर्ज-लवादाचा कायदा करावा लागला व १९३९ साली मध्यप्रांत-वऱ्हाडासाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्या मंदीच्या काळात अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख प्रांताच्या मंत्रिमंडळात होते, आणि शेतकऱ्याचे कर्ज हा प्रश्न त्यांनी सतत पुढे ठेवला. बेकारीचा आकडा नसतानाही सरकारास हलावे लागले ते कर्जाचे कागद बोलत होते म्हणून.

२०२० सालचा अनुभव

ही जुनी गोष्ट झाली, आता मोजण्याच्या रीती सुधारल्या आहेत, असे कोणी म्हणेल. सुधारल्या आहेत यात शंका नाही. १९८२ साली आंतरराष्ट्रीय श्रमसंख्याशास्त्रज्ञांच्या परिषदेत बहुतेक देशांना मान्य अशी व्याख्या ठरली: ज्यास काम नाही, जो कामास तयार आहे आणि जो काम शोधीत आहे तो बेकार. आठवड्यातून एक तासभर जरी मोबदल्याचे काम केले तरी तो बेकार नव्हे. माप एक झाले. तरी मापण्याचा माल निरनिराळाच राहिला.

२०२० साली करोनाच्या साथीने जगाचा व्यवहार थांबला. एप्रिल महिन्यात अमेरिकेचा आकडा शेकडा १४.८ झाला. जर्मनीत तो त्याच्या निम्म्यावरही गेला नाही. कारण तेथे कारखानदाराने मनुष्यास कामावरून न काढता कमी तास द्यावे व पगाराचा तुटीचा मोठा भाग सरकारी खात्याने भरावा, अशी जुनी व्यवस्था आहे. त्या महिन्यात सुमारे साठ लाख जर्मन लोक या व्यवस्थेत होते. घरी बसले होते, पण नोकरी शाबूत असल्यामुळे बेकार नव्हते.

आपल्या देशात २०१७ पासून श्रमबलाची नियमित पाहणी होते. २०२० च्या एप्रिल ते जून या तिमाहीत शहरांतील बेकारी, आठवड्याच्या मापाने, शेकडा सुमारे एकवीस निघाली. पण सबंध देशाचा वार्षिक आकडा पहा. नेहमीच्या स्थितीच्या मापाने २०१८-१९ मध्ये शेकडा ५.८, २०१९-२० मध्ये ४.८ आणि २०२०-२१ मध्ये ४.२. संकट आले आणि बेकारी कमी झाली! त्याच पाहणीत दुसरा आकडा आहे: काम करणाऱ्यांपैकी शेतीवर असणारे २०१८-१९ मध्ये शेकडा ४२.५ होते, ते २०२०-२१ मध्ये ४६.५ झाले. पुण्या-मुंबईहून परतलेली मुले बापाच्या शेतात उतरली. घरच्या शेतात विनावेतन हातभार लावणाराही कामकरीच धरला जातो. त्यामुळे तक्ता स्वच्छ राहिला. नव्वद वर्षांपूर्वी जपानात झाले तेच येथे झाले.

यातील मेख वाचकांनी नीट ध्यानात घ्यावी. नेहमीच्या स्थितीच्या या मापात वर्षातून तीस दिवस काम केलेला मनुष्यही कामकरी ठरू शकतो. समजा, एका घरच्या कोरडवाहू शेतात वर्षाकाठी एका माणसाचे २४० दिवसांचे काम आहे. बाप एकटा होता तेव्हा ते त्याचे होते. मुलगा नोकरी सुटून घरी आला, तेव्हा दोघांच्या वाट्यास १२० दिवस आले. शेतात एक शेरही कापूस वाढला नाही, पण तक्त्यात दोन कामकरी झाले व बेकार एकही नाही. म्हणूनच २०१९-२० मध्ये नेहमीच्या मापाने ४.८ निघालेला आकडा आठवड्याच्या मापाने ८.८ निघाला. प्रा. दांतवाला यांच्या समितीने १९७० सालीच सांगितले होते की आपल्यासारख्या देशाची बेकारी एका आकड्यात सांगता येत नाही. पुढे वर्ष, आठवडा व दिवस अशी तीन मापे पाहणीत आली, ती त्या विचाराचाच परिणाम होत. वर्तमानपत्रांत मात्र बहुधा एकच आकडा छापून येतो.

याहून प्रामाणिक साक्ष आपल्याच राज्याने एकदा देशास शिकविली आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर पसरली, १९७७ साली तिचा कायदा झाला व तो १९७९ पासून अमलात आला. भर उन्हात माती खणण्यास जो स्वतः येऊन नाव सांगतो, त्यास काम पाहिजे की नाही हे निराळे विचारावे लागत नाही. हजेरीपट हीच मोजणी. याच धर्तीवर केंद्राचा कायदा २००५ साली झाला. त्या कायद्याखाली २०१९-२० मध्ये देशात सुमारे २६५ कोटी मनुष्यदिवस काम झाले आणि २०२०-२१ मध्ये ३८९ कोटी. बेकारीचा तक्ता उतरत असताना हजेरीपट दीडपट झाला. यांपैकी खेड्याची हकीकत कोणता आकडा सांगतो हे वाचकांनीच ठरवावे.

कास्तकाराने काय करावे

पहिली गोष्ट, दोन देशांचे आकडे शेजारी ठेवलेले दिसले म्हणजे तीन प्रश्न विचारावे: मोजणी विम्याच्या नोंदीवरून आहे की घरोघर विचारून, मुदत दिवसाची आहे, आठवड्याची की वर्षाची, आणि घरच्या शेतात राबणारा कोणत्या रकान्यात आहे. उत्तरे सारखी नसतील तर तुलनाच करू नये. ज्या देशात मदत मिळते तेथे बेकारीचा आकडा बहुधा मोठा दिसतो, कारण मदत नसेल तेथे गरिबास रिकामे बसणे परवडत नाही. काही ना काही करून तो त्या एका तासात बसतो.

दुसरी गोष्ट आपल्या हातची आहे. आपण बी-बियाणे, खत, मजुरी यांचा खर्च वहीत मांडतो. घरच्या माणसांचे दिवस मात्र कोणी मांडीत नाही. मृगापासून पुढल्या मृगापर्यंत घरातील प्रत्येक कर्त्या स्त्रीपुरुषाचे शेतात, मजुरीवर व रिकामे किती दिवस गेले हे महिन्याच्या महिन्यास लिहावे. वेचणी आटोपल्यापासून वखरणीस हात लागेपर्यंतचे रकाने किती कोरे राहतात ते एकदा डोळ्यांनी पाहावे. सालदार ठेवणाऱ्याने त्याचे, व रोजाने लावणाऱ्याने मजूर बायामाणसांचेही दिवस लिहावे. त्यांच्या रिकाम्या दिवसांचा आधार तर जमिनीचाही नसतो. एका गावातील वीस-पंचवीस घरांच्या अशा वह्या ग्रामसभेपुढे आल्या, तर कोणत्या महिन्यात कोणते काम काढावे, जोडधंदा कशाचा करावा, याविषयी अंदाजाने बोलण्याचे कारण राहणार नाही.

लेखकाने दप्तरात पुष्कळ अर्ज पाहिले. ज्याच्या अर्जासोबत तारीखवार टाचण असे, तो पुढे सरके. ज्याच्या अर्जात नुसते गाऱ्हाणे असे, तो बहुधा तेथेच राही. पुढची मंदी केव्हा येईल हे सांगता येत नाही, पण ती आली म्हणजे तक्ता पुन्हा असाच स्वच्छ दिसेल. त्या वेळी दाखविण्यास आपल्याजवळ आपली वही असावी.