गिरवलीची पेटी

पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर, आंबेगाव तालुक्यातल्या गिरवलीजवळच्या डोंगरावर आयुका या पुण्याच्या खगोलसंस्थेची दुर्बीण २००६ पासून उभी आहे. दुर्बीण म्हटली की नजर आधी तिच्या दोन मीटर व्यासाच्या आरशाकडे जाते. मला मात्र आरशामागे बसवलेली पेटी जास्त महत्त्वाची वाटते. तिचं नाव आयफॉस्क. कोपनहेगन विद्यापीठाच्या वेधशाळेच्या सहकार्याने बनलेल्या या यंत्रात कॅमेरा आणि वर्णपटलेखक एकत्र नांदतात.

ही सोय मोठी आहे. आधी साधा फोटो काढून गर्दीतला हवा तो ठिपका हेरायचा. मग प्रकाशाच्या वाटेत एक बारीक फट आणि ग्रिझम, म्हणजे लोलक व रेषाजालकाची जोडगोळी, सरकवायची. ठिपक्याची लांबलचक पट्टी होते. तिला छेदून जाणाऱ्या रेषा आकाशाच्या स्वतःच्या उजेडाच्या. त्या वजा करायच्या. हीलियम-निऑनच्या दिव्याच्या रेषांवरून तरंगलांबीची मोजपट्टी लावायची. शेवटी हाती उरतो एक आलेख, आणि सगळा निवाडा त्याच्यावर.

निवाडा कशाचा? अमेरिकेतल्या पालोमारची झेडटीएफसारखी स्वयंचलित सर्वेक्षणं रात्रीमागून रात्री नव्याने उजळलेले ठिपके कळवत असतात. त्यांत दूरच्या दीर्घिकेतला अतिनवतारा असू शकतो, आपल्याच आकाशगंगेतला नवतारा असू शकतो, नाहीतर ड्वार्फ नोव्हा. फोटोत तिघांचाही नुसता ठिपका.

ड्वार्फ नोव्हा हे जोडप्याचं प्रकरण आहे. एक श्वेत बटू, म्हणजे विझलेल्या ताऱ्याचा उरलेला घट्ट गाभा, दुसरा साधा लालसर तारा. दोघं एकमेकांभोवती काही तासांतच फेरी पुरी करतात. हंस तारकासमूहातल्या एसएस सिग्नी या जोडीला साधारण साडेसहा तास लागतात. लाल ताऱ्याचा वायू ओढला जातो, पण थेट बटूवर पडत नाही, त्याच्याभोवती तबकडी होऊन फिरतो. साठा वाढत गेला की तबकडीतला हायड्रोजन तापून आयनीभूत होतो, वायू भराभर आत घसरतो आणि तबकडी उजळते. एसएस सिग्नी असा बाराव्या प्रतीवरून आठव्या प्रतीपर्यंत, म्हणजे चाळीसेक पट, तेजस्वी होतो, सात-आठ आठवड्यांनी पुन्हा पुन्हा. बटूच्या पृष्ठावर अणुस्फोट होतो तो खऱ्या नवताऱ्यात. इथे स्फोट नाहीच.

वर्णपटात हा फरक लपत नाही. शांत असताना हायड्रोजनच्या रेषा उजळ, रुंद, आणि पुष्कळदा दोन शिंगांच्या दिसतात, कारण तबकडीची एक बाजू आपल्याकडे येत असते, दुसरी दूर जात असते. उद्रेकात चित्र पालटतं. निळा अंश जोरात चढतो आणि त्याच रेषा रुंद खड्ड्यांसारख्या काळ्या होतात, क्वचित तळाशी एक छोटी उजळ टेकडी घेऊन. नवताऱ्यात याउलट उधळलेल्या कवचाच्या ठळक उजळ रेषा दिसतात, वेग सेकंदाला शेकडो ते हजारो किलोमीटर. अतिनवताऱ्याच्या रेषा तर दीर्घिकेच्या ताम्रसृतीइतक्या लाल बाजूला सरकलेल्या सापडतात. सरावलेल्या डोळ्याला एक नजर पुरते.

पुण्याला ही विद्या नवी नाही. १८८८ मध्ये कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभारली. ग्रबची २० इंची दुर्बीण तिथे होती, आणि नेगमवालांचा ओढा वर्णपटाकडेच. मृगातल्या तेजोमेघाची मुख्य रेषा काठ पसरलेली आहे, असं इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर म्हणत. नेगमवालांना ती स्वच्छ, धारदार दिसली आणि १८९१ मध्ये त्यांनी तसं छापलं. ज्या लॉकयरांचं मार्गदर्शन घेतलं त्यांच्याच विरोधात! १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली, दुर्बीण कोडाईकॅनालला गेली. एका माणसावर उभ्या असलेल्या संस्थांचं आपल्याकडे हे असंच होतं.

गिरवलीच्या अडचणी वेगळ्या. पावसाळ्याचे चार महिने काम ठप्प असतं आणि उद्रेक काही त्यासाठी थांबत नाहीत. शिवाय दोन मीटरचा आरसा आज जगाच्या मानाने लहानच. पण ड्वार्फ नोव्हाच्या ओळखीला तेवढा चालतो. उद्रेकातला तारा तेजस्वी असतो आणि काही दिवस टिकतो. राक्षसी दुर्बिणींचा महागडा वेळ यावर कुणी घालवू नये.

अधूनमधून निवाडाच डळमळतो. ययाती तारकासमूहातला जीके पर्सी १९०१ मध्ये नवतारा म्हणून असा भडकला की आकाशातल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्यांत गणला गेला. त्या स्फोटाचं कवच अजून त्याच्याभोवती पसरतं आहे, आणि आता तोच तारा काही वर्षांच्या अंतराने ड्वार्फ नोव्हासारखे छोटे उद्रेक करतो. त्या वेळी त्याच्या वर्णपटात ४६८६ अँगस्ट्रॉमवर आयनीभूत हीलियमची रेषा ठसठशीत उमटते, कारण तिथला श्वेत बटू चुंबकीय आहे.